सर, मी ते पुस्तक वाटलं नाही

सर,

मागल्या आठवड्यात तुमच्या शोकसभेत मी जे केलं ते तुमच्या कानावर घालायचं राहिलंय. एरवी आपल्या मुरुम गावात कुठं काही खुट्ट झालं की संध्याकाळपर्यंत तुम्हाला कळायचं, चार माणसं येऊन सांगून जायची. आता माझं मलाच सांगावं लागतंय. लोक म्हणतात, मी तुमच्या नावाला काळं फासलं. तुमचा महेश माझ्याशी बोलत नाही. मी तुमच्या फोटोला हार घातला, समोर टेबलावर शंभर पुस्तकांचे गठ्ठे होते, पोरं रांगेत उभी होती, आणि मी त्यातलं एकही पुस्तक एकाही पोराच्या हातात दिलं नाही.

पुस्तकाचं नाव इथं लिहिणार नाही. उगीच कुतूहलानं कुणी विकत घ्यायचं. तुम्हाला सांगायची गरजच नाही. तेच ते, डोंगरातल्या खजिन्याचं. अजित नावाचा बारा वर्षांचा शूर मुलगा, त्याचे फौजदारकीतून निवृत्त झालेले काका, आणि खजिन्यावर टपून बसलेला पालावरचा चोर, बिबळ्या.

शाळेची लायब्ररी म्हणजे तुमच्या टेबलाखालची लोखंडी पेटी. पाचवीत असताना त्यातून तुम्ही ते पुस्तक काढलंत आणि मला घरी न्यायला दिलंत. घर कसलं, गायरानावरचं पाल. हेडमास्तर तुमच्या तोंडावर म्हणाले, पारध्याच्या पोराला पुस्तक घरी दिलं म्हणजे ते गेलंच समजा. तुम्ही म्हणालात, गेलं तर माझ्या नावावर लिहा. मी ते शेळ्या राखताना बाभळीखाली बसून तीनदा वाचलं. वाचायच्या नादात एक शेळी कुणाच्या तरी हरभऱ्यात शिरली, त्याबद्दल मारही खाल्ला. परत आणून दिलं तेव्हा तुम्ही हेडमास्तरांच्या समोर पानं उलटून दाखवलीत, एकही फाटलेलं नाही, एकही दुमडलेलं नाही. मला तेव्हा किती भारी वाटलं होतं. पानं तपासून दाखवायची वेळ का यावी, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तुमचे उपकार मी विसरलोय असं समजू नका. माझी जन्मतारीख तुम्ही लिहिलीत, कारण आमच्यात ती कुणाला ठाऊकच नव्हती. आईला विचारलंत, तेव्हा ती म्हणाली, लई गारा पडल्या त्या साली. त्या गारांवरून तुम्ही साल काढलंत आणि तारीख स्वतःची टाकलीत. आजही माझा वाढदिवस तुमच्याच वाढदिवसाला असतो. पोरं माझ्याशेजारी बसेनात, तेव्हा तुम्ही मला पहिल्या ओळीत, तुमच्या खुर्चीच्या पायाशी बसवलंत. आणि पोलीस. गावात कुठंही चोरी झाली की पहिली गाडी आमच्या पालावर. बापाला दोनदा उचलून नेलं, दोन्ही वेळा तुम्ही ठाण्यात गेलात आणि साहेबापुढं उभं राहून सांगितलंत, हा माणूस चोर नाही, मी याला ओळखतो. बाप मरेपर्यंत ते सांगायचा. मास्तर माझ्यासाठी ठाण्याची पायरी चढला, म्हणायचा.

आणि मी पाचवीत होतो त्याच वर्षी, सर, गॅदरिंगला तुम्ही त्या पुस्तकावर नाटक बसवलंत.

मला अजित केलंत. बिबळ्या केलंत मल्लिनाथला, आज ज्याचं मोंढ्यात बी-बियाण्याचं दुकान आहे त्यालाच. तालमी झाल्या. पडद्यामागं पिस्तुलाच्या आवाजासाठी तेरखेड्याचे फटाके आणून ठेवले. मग प्रश्न आला बिबळ्याच्या कपड्यांचा. तुम्ही मला जवळ बोलावून म्हणालात, तुझ्या बापाची बंडी, धोतर, मुंडासं दोन दिवसांसाठी मिळंल का बघ. आणि तित्तर धरायचे फासेही आण, खरे हाताशी असताना खोटे कशाला करायचे. मी पळत गेलो. बापाला काय आनंद झाला. आईनं ते कपडे धुतले. बापानं फासे तेल लावून पुसले. मास्तरांनी आपल्याकडं काहीतरी मागितलं, याचंच त्याला अप्रूप होतं.

तो बघायला आला होता. शेवटी, भिंतीला टेकून उभा होता. पुढं बस म्हटलं कुणी तर बसला नसता, आणि कुणी म्हटलंही नाही. स्टेजवर त्याचे कपडे घालून मल्लिनाथ कोंबड्या चोरत होता, नाक पुसत होता, वाकडं चालत होता, आणि सगळं गाव पोट धरून हसत होतं. मग मी आलो. इस्त्रीची पांढरी चड्डी, डोक्यावर टोपी. मी बिबळ्याला पाडलं, त्याच्या छातीवर पाय दिला आणि माझ्या बापाच्या फाशांनी त्याचे हात बांधले. काय टाळ्या पडल्या, सर. आयुष्यात पुन्हा कधी तेवढ्या पडल्या नाहीत.

परत जाताना बाप गावाबाहेर येईपर्यंत पुढं चालत होता. मग आमच्या बोलीत त्यानं एवढंच विचारलं, त्या पोराच्या हाताला लागलं तर नाही ना, फास फार घट्ट बसतो. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग ठीक.

कपडे त्याच्याकडं दोनच जोड. दुसऱ्या दिवशी बाजार होता, तोच जोड घालून तो गेला. पोरांनी ओळखलं. बिबळ्या आला, बिबळ्या आला. मग मोठी माणसंही म्हणायला लागली. तो आठ वर्षांपूर्वी गेला, तोवर मुरुमच्या बाजारात त्याला दुसरं नाव उरलं नव्हतं. त्याचं नाव शंकर होतं. ठाण्यात साहेबाला तुम्हीच सांगितलं होतंत.

हे सगळं तेव्हा मला दिसलं का? नाही. खरं सांगतो, मला तेव्हा त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट मला बापाचीच लाज वाटायला लागली. मी त्याच्याबरोबर बाजारात जायचं बंद केलं. आणि त्या पुस्तकावर माझं प्रेम वाढतच गेलं. बारावीला, डीएडला, नोकरी लागल्यावर, जिथं संधी मिळेल तिथं सांगत सुटलो की मला वाचनाची गोडी या पुस्तकानं लावली. तुळजापुरात मी सातवीच्या पोरांना मराठी शिकवतो, तिथंही सांगितलं. त्यांच्यातली दोघं-तिघं पालावरून येतात. त्यांच्या तोंडाकडं बघून सांगितलं.

गेल्या वर्षी धाराशिवला पुस्तकांच्या प्रदर्शनात त्याची नवी आवृत्ती दिसली. चकचकीत मुखपृष्ठ. माझ्या मुलीसाठी घेतली, ती सहावीत आहे. तिला म्हटलं, वाच आणि मग आपण बोलू. दोन दिवसांनी पुस्तक कपाटावर पालथं पडलेलं दिसलं. मी विचारलं, आवडलं नाही का? तिनं आधी माझ्याकडं नीट बघितलं. मग म्हणाली, "बाबा, आजोबा असेच होते का?"

मी ते पुस्तक उचललं आणि तिथंच बसून वाचायला घेतलं. सर, किळस आली. दुसरा शब्द नाही माझ्याकडं. घाण पाण्यात हात घातल्यावर येते तशी. ते फौजदार काका पुतण्याला शिकवतात की पालावरचा माणूस वासावरून ओळखायचा. त्यांच्या बायका पोरांच्या झोळीत चोरीचा माल लपवतात, म्हणून झोळी उपडी करून बघायची, पोर रडलं तरी. आईच्या दुधातूनच चोरी येते म्हणे यांच्यात. हे सगळं प्रेमळ काका सांगतायत, हातात चहाचा कप घेऊन. आणि लेखक महाशय! त्यांना कुठं तरी थांबावंसं वाटलं असेल? छे. त्यांना मजा येतेय. प्रत्येक पानाला मजा येतेय.

एक जागा तुम्हाला आठवत असेल. अजित पालात घुसतो आणि चुलीवरचं गाडगं लाथेनं उडवतो, कारण त्याला वाटतं आत दागिने आहेत. दागिने नसतात. कण्या असतात. त्या सगळ्या चुलीपाशी बसलेल्या म्हातारीच्या अंगावर सांडतात, आणि तिच्यावर लेखकानं विनोद केलाय. दहा वर्षांचा असताना त्या विनोदाला मी बाभळीखाली एकटा खो-खो हसलो होतो. आणि त्याच उन्हाळ्यात पोलिसांनी आमच्या पालावर आमच्या आईचं गाडगं असंच उडवलं होतं. मी समोर उभा होतो. दोन्ही गोष्टी माझ्या एकाच डोक्यात राहिल्या आणि मला कधी जाणवलं नाही की ते गाडगं एकच आहे.

म्हणून तुम्हाला फोन केला. मी नीट बोललो नाही, मान्य. नमस्कारसुद्धा केला नाही. एकदम विचारलं, हे तुम्ही आम्हाला वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलंत, तुमची जीभ कशी रेटली? तुम्ही आधी हसलात. म्हणालात, अरे, कादंबरी हाय ती, कुठल्या जमान्यातली, तू कशाला मनाला लावून घेतोस. मी चढ्या आवाजात काहीबाही बोलत राहिलो. मग तुम्हीही चिडलात.

"मी तुला चोर केलं न्हवतं रे. नायक केलं होतं. मुरुममध्ये पारध्याच्या पोराला नायक करणारा मीच एक होतो, तेवढं तरी ध्यानात ठेव."

"आणि माझ्या बापाला काय केलंत, सर?"

 तुमच्याकडं टीव्हीवर कुठलं तरी कन्नड गाणं चालू होतं, ते ऐकू येत होतं. मग तुम्ही म्हणालात, ठेवतो. तेच आपलं शेवटचं बोलणं. आठ महिने मी फोन केला नाही, तुम्हीही केला नाहीत. सोलापूरला तुम्हाला दवाखान्यात ठेवल्याचं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. उद्या जाऊ, रविवारी जाऊ करत मी गेलो नाही. खोटं कशाला बोलू, मला जायचं नव्हतं. तुम्हाला माती दिली त्या दिवशीही मी शाळेत तास घेत होतो. तुमच्यात माणसाला बसवून माती देतात. तुम्ही खुर्चीत कसे बसायचात ते दिवसभर डोळ्यापुढून हलत नव्हतं, तरी मी आलो नाही.

मग महेशचा पुण्याहून फोन आला. म्हणाला, दादा, बाबांची शोकसभा शाळेतच ठेवलीय. जेवणावळी घालण्यापेक्षा पोरांना बाबांचं आवडतं पुस्तक द्यायचं ठरवलंय, शंभर प्रती मागवल्यात. आणि त्या तुमच्याच हस्ते वाटायच्या, बाबा आयुष्यभर तुमची गोष्ट सांगायचे. मी विचारलं, कुठली गोष्ट? तो म्हणाला, हीच, की या एका पुस्तकानं पारध्याचं पोर मास्तर झालं.

म्हणजे आठ महिन्यांत तुम्ही महेशला काहीच सांगितलं नव्हतं. माझ्या मनात आलं, हा माणूस माझ्या बापाच्या नावानं अजून टाळ्या घेतोय. फार घाण विचार होता, पण आला. मी महेशला फक्त येतो म्हटलं.

सभा शाळेच्या ओसरीत होती. टेबलावर पुस्तकांचे गठ्ठे. एक प्रत उघडून बघितली तर आतल्या पानावर तुमचा फोटो चिकटवलेला, आणि खाली माझं नाव, हे पुस्तक वाचून जीवनात यशस्वी झालेले शिक्षक वगैरे. मी ती प्रत मिटून परत गठ्ठ्यावर ठेवली. चार जणांची भाषणं झाली. मग माझं नाव पुकारलं. मी माइक हातात घेतला आणि आधी तिथल्या बाईंना सांगितलं की पोरांना जरा मैदानात न्या. पोरांना वाटलं खाऊ मिळणार, ती आनंदानं गेली.

मग मी त्या गठ्ठ्यातली एक प्रत घेतली आणि ते पान वाचलं. फौजदार काकांचं सगळं पान, झोळी, वास, आईचं दूध. सावकाश वाचलं, तुम्ही वाचायचात तसं, जिथं थांबायचं तिथं थांबून. समोर शे-दीडशे माणूस बसलं होतं. वाचून झाल्यावर म्हटलं, यात ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यातला मी एक. सर माझे गुरू होते. त्यांच्या नावानं हे मी एकाही पोराच्या हातात देणार नाही. दुसरं कुणी देणार असंल तर माझ्या समोर देऊ नका.

महेश माझ्या जवळ आला. चेहरा पांढरा पडला होता. हळू आवाजात म्हणाला, आजच सुचलं का तुम्हाला हे, माणूस जाऊन बारा दिवस झाले नाहीत. चूक नाही त्याची. त्यानं बापावरच्या मायेनं केलं होतं. मल्लिनाथ मात्र मोठ्यानंच म्हणाला, इतकं काय त्यात, गंमत होती लहानपणाची, मी बी तर चोर झालो हुतो की. मी त्याला म्हटलं, तू घरी जाऊन कपडे बदललेस, मल्ल्या. त्याला ते कळलं की नाही कुणास ठाऊक. तो दुसरीकडं बघायला लागला.

शेवटी महेशच्या आई, काकू, उठल्या. त्या महेशशी कन्नडमध्ये दोनच वाक्यं बोलल्या. त्यानं मान हलवली, त्या पुन्हा बोलल्या. मग दोन माणसांनी गठ्ठे उचलून गाडीत नेऊन ठेवले. पोरांना बिस्किटाचे पुडे वाटले. मी काकूंच्या पाया पडलो. वाटलं होतं, पाय मागं घेतील. त्यांनी मला ओसरीच्या कडेला बसवलं आणि सांगितलं की महेशनं कुठलं पुस्तक मागवलंय ते त्यांना तिथं आल्यावरच कळलं, आणि माझा फोन झाला त्या दिवशी तुम्ही त्या पुस्तकाची घरातली जुनी प्रत काढून परत वाचलीत. सगळं वाचलंत. मग तुम्ही जेवलाच नाहीत. पुढं कितीतरी दिवस फोन हातात घ्यायचात, माझा नंबर काढायचात आणि फोन खाली ठेवायचात. त्यांनी विचारलं तर एकदाच म्हणालात, मी हे पोरांना वाचून दाखवलं, शांता.

मी काकूंना विचारलं, मग लावला का नाही फोन?

"मास्तर माणूस. विद्यार्थ्याला चुकलं म्हणायला लई वेळ लागतो त्यांना."

सर, मी तिथं रडलो. आणि रडतानासुद्धा राग येत होता. आठ महिने! दोन शब्द, तेही फोनवर. तुम्ही मला अख्खी बाराखडी शिकवलीत आणि तुम्हाला दोन शब्द जमले नाहीत. आणि मी तरी काय दिवे लावले? मला माहीत असतं तर मीच गाडी काढून आलो असतो, असं सगळ्यांना सांगतोय. पण माहीत करून घ्यायला मी काय केलं? काही नाही. वाट बघत बसलो, तुम्ही आधी हात जोडावेत म्हणून. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसानं.

महेशला मी पत्र लिहिलंय. त्या पैशांत दुसरी पुस्तकं घेऊ, निवड दोघं मिळून करू. उत्तर आलेलं नाही. येईलही, त्याला वेळ लागेल, तो तुमचाच मुलगा आहे.

पण एक गोष्ट मी त्या सभेत बोललो नाही. काकूंना नाही, मुलीलाही नाही. ती फक्त तुम्हालाच सांगता येईल, कारण तुम्हीही ते पुस्तक शेवटपर्यंत परत वाचलंत.

मुलीनं विचारलं त्या दिवशी मी किळस येत असतानाही वाचत राहिलो. वाटलं, शेवटपर्यंत वाचावं आणि मग फेकावं. शेवटी तो पाठलाग येतो. बिबळ्या अनवाणी डोंगर उतरत पळतोय आणि अजित मागं. मला पुढं काय होतं ते पाठ होतं. तरी माझा श्वास वर चढला. तळहाताला घाम आला. मी खुर्चीच्या कडेवर सरकलो होतो. आणि बिबळ्याचा पाय अडखळला तेव्हा माझ्या तोंडातून शब्द निघून गेला, मोठ्यानं, मुलीनं आतल्या खोलीतून डोकावून बघण्याइतका मोठ्यानं. मी म्हणालो, धर त्याला.

सत्तेचाळीस वर्षांचा मी, शंकर पारध्याचा मुलगा. सगळं कळत असताना. वाचायला तुम्ही शिकवलंत, सर. हे आतनं काढायचं कसं, तेवढं सांगून जायला हवं होतं.